तरंगविलाससमोरचं पाणी

"डोकं नीट पुसायला सांगा त्यांना," असं म्हणत सुमनवहिनींनी टॉवेल माझ्या हातात दिला. "पोहून आले की ओल्या डोक्यानंच भाषण करत बसतात आणि मग आठवडाभर खोकतात."

पांढरा, हिरव्या काठाचा, चांगला जाडजूड टॉवेल होता. आहेरात आलेला असावा आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असावा. मी तो खांद्यावरच्या शबनम पिशवीत कोंबला. ज्या पाण्यात तीन माणसं गेली होती त्या पाण्यात वहिनींचे यजमान दुपारी उडी मारणार होते, आणि वहिनींना काळजी होती ती सर्दीची. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाशी संसार केला की शापावरचा विश्वास उडतो. सर्दीवरचा मात्र उडत नाही.

बाहेर आगटे सर स्कूटर एका बाजूला तिरकी करून उभे होते. त्या काळच्या स्कूटरला सुरू होण्यापूर्वी असा नमस्कार करावा लागे.

"घोलप, लवकर. अमावास्या संपायच्या आत पोचलं पाहिजे."

अमावास्येसाठी एवढी घाई करणारा नास्तिक मी दुसरा पाहिला नाही. पण ती घाई आमच्या कार्यक्रमाचा भाग होती. विवेक मंचाचे अध्यक्ष प्रा. मुकुंद आगटे सर्वपित्री अमावास्येला, भर दुपारी, सोनवड्याच्या शापित तरंगविलास पॅलेससमोर कालव्यात पोहून दाखवणार, अशी पत्रकं आम्ही तालुकाभर वाटली होती. दिवस मुद्दाम वाईटातला वाईट निवडला होता. मंचाचा सचिव मी. कॉलेजात मी मराठी शिकवत असे, त्यामुळे पत्रकातली उद्गारचिन्हं माझी होती. खजिनदारसुद्धा येणार होते, पण त्यांच्या घरी नेमकं श्राद्ध निघालं.

वाटेत सरांनी मागे मान न वळवता विचारलं, "शापाच्या आवृत्त्या किती मिळाल्या?"

"बऱ्याच. पण गोष्ट एकच आहे. कालवा खणताना एक मजुरीण पोटुशी होती. तिनं उन्हात दोन घटका टेकायला मागितलं, थोरल्या राजेसाहेबांनी टेकू दिलं नाही. ती तिथंच गेली. जाताना म्हणाली, 'हे पाणी तुझ्या दारात उभं राहील आणि तुझंच माणूस मागेल.'"

"हे वाक्य सगळ्या आवृत्त्यांत?"

"शब्दाला शब्द."

सर हसले. "मरताना इतकं घोटीव वाक्य सुचतं का हो कुणाला? हे कुणीतरी बसून रचलंय, घोलप. तुम्ही मराठीचे. तुम्हाला कळायला पाहिजे."

मला ते पटलं. पण कुणी रचलं असेल हा प्रश्न ना त्यांना पडला, ना मला. खोटं आहे एवढं सिद्ध झालं की आमचं काम संपत असे.

सोनवड्याचे जहागीरदार, म्हणजे हेच थोरले राजेसाहेब, एकदा विलायतेला जाऊन आले होते. तिथं कुठंतरी थेट पाण्यात उभे असलेले महाल त्यांनी पाहिले आणि तेव्हापासून त्यांना कोरड्या जमिनीवर चैन पडेना. पुढं इंग्रजांचा कालवा सोनवड्यावरून जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी जमीन फुकट देऊ केली. अट एकच, कालवा माझ्या दारावरून गेला पाहिजे. तो गेला. त्याच्या काठावर गुलाबी दगडाचा, कमानींच्या खिडक्यांचा, पाण्यात पायऱ्या उतरणारा तरंगविलास उभा राहिला. महालासमोर कालवा रुंद केलेला होता आणि पुढं एका पांढऱ्या भिंतीशी जाऊन थांबल्यासारखा दिसत होता. भिंतीवर बोगनवेल, वर एक नक्षीची दगडी छत्री. पाहणाऱ्याला वाटावं की हे तळंच आहे. पाणी इतकं शांत असे की महालाची प्रत्येक खिडकी त्यात उलटी दिसे.

त्या पाण्यात पहिल्यांदा गेला तो जहागीरदारांचा नातू, सोळा-सतरा वर्षांचा जयंतराजे. त्यानंतर काही वर्षांनी महाल विकत घ्यायला आलेला मुंबईचा एक हॉटेलवाला. आणि चार-दोन वर्षांमागं गावच्या हायस्कुलातले चित्रकलेचे वाघचौरे मास्तर. ते महालाचं चित्र काढायला आले होते, ऊन झालं म्हणून पाण्यात उतरले. लोक लांबूनच महालाला हात जोडत आणि आपापसात त्याला बुडविलास म्हणत.

आम्ही पोचलो तेव्हा पलीकडच्या काठावर जत्रा भरली होती. गारेगारवाला आला होता, शेंगावाला आला होता. हायस्कुलाला अर्धी सुट्टी दिली होती. गावातल्या आमच्या एकुलत्या एक सभासदानं झेंडूचा हार आणून ठेवला होता. सत्कारासाठी म्हणून आणला होता, पण हार असा होता की दोन्हीपैकी कुठल्याही प्रसंगाला चालला असता.

गर्दीतून एक बाई पुढं आली. चाळिशीची, कपाळ मोकळं, खांद्यावर पदर घट्ट ओढलेला. वाघचौरे मास्तरांची बायको, मालनबाई. बालवाडी चालवत असे.

"सर, तुम्ही पवून आला म्हणजे शाप नाही असं ठरणार?"

"नाहीच आहे तो, बाई. फक्त आज सगळ्यांना दिसेल."

"मग आमचे मालक कशानं गेले?"

सरांना प्रश्नांची सवय होती, पण परीक्षेतल्या. ते म्हणाले, "अपघात. दुर्दैवी अपघात."

"त्यांना पवता येत होतं, सर. विहिरीत तळाचा दगड काढून आणायचे." ती बाजूला जाऊन उभी राहिली आणि पाण्याकडे बघू लागली.

एवढ्यात महालातून गेनबा आला. महालाचा शेवटचा नोकर. डोक्याला पटका, पायात काही नाही.

"आईसायेब बोलावत्यात. च्या घ्या म्हणत्यात, मग काय करायचं ती करा."

आईसाहेब म्हणजे जयंतराजेची आई. त्यांचे यजमान धाकटे राजेसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून एवढ्या मोठ्या महालात ह्या एकट्या. गावात कधी येत नसत. पाण्याकडच्या पायऱ्यांवर तर मुलगा गेल्यापासून त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, असं गेनबानं जिन्यात सांगितलं.

दिवाणखान्यात पाण्याच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. आईसाहेब खुर्चीत ताठ बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, फिक्या रंगाचं नऊवारी, डोक्यावरून पदर. टेबलावर जुन्या चिनी मातीचे कप होते. एकाचा कान तुटलेला होता आणि तो कप त्यांनी स्वतःपुढं ठेवला होता.

"प्रोफेसर, आपण पोहायला कुठं शिकलात?"

"आमच्या गावच्या विहिरीत. आठव्या वर्षी वडिलांनी ढकलून दिलं."

"विहिरीत," त्या म्हणाल्या. कप उचलला, न पिता खाली ठेवला. "जयंतराजेही विहिरीतच शिकले. ह्या मुलखात सगळे विहिरीतच शिकतात. घरी कोण कोण असतं आपल्या?"

"पत्नी. दोन मुली."

"त्यांना ठाऊक आहे आपण इथं आलात ते?"

"टॉवेल दिलाय तिनं," सर म्हणाले आणि माझ्या शबनमकडे बोट दाखवलं. मी उगाचच टॉवेलाचा हिरवा काठ बाहेर काढून दाखवला.

आईसाहेब बराच वेळ त्या काठाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपण शिकलेले आहात. शाप मानत नाही. ठीक. पण ती बाई बोलून गेलीय, हे पाणी तुझ्या दारात उभं राहील—"

"—आणि तुझंच माणूस मागेल," सरांनी अदबीनं वाक्य पुरं केलं. "पण मी आपलं माणूस नाही, आईसाहेब. त्या हिशेबानं तर मला भीतीच नको. हॉटेलवाले गृहस्थही आपले नव्हते, मास्तरही नव्हते. शापात एवढी ढिलाई चालत नाही."

एरवी मी हसलो असतो. आईसाहेबांचा चेहरा पाहून नाही हसलो.

"तिथं पाण्याला ओढ आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"हो, हेही ऐकलं. पाणी ओढतं, पाण्यातून हाक येते, अमावास्येला बांगड्या वाजतात. सगळं ऐकलं. मघाशी पाहून आलो. काडी टाकली तर जागची हलत नाही."

"काठाशी हलत नाही."

"आईसाहेब," सर खुर्चीत पुढं सरकले. एरवी सर लोकांशी वाद घालत, पण ह्या बाईशी ते आपल्या आईशी बोलावं तसं बोलले, हे मला आजही आठवतं. "आपलं दुःख मोठं आहे. मी त्याची चेष्टा करायला आलेलो नाही. पण बाहेर दोन-तीनशे माणसं उभी आहेत. शाप खरा असं त्यांनी आज धरलं, तर उद्या कुणाच्या गायीला ताप आला तरी ती त्या मजुरणीला कोंबडं कापतील. मला हे थांबवायचंय."

"आणि मी बाहेर येऊन म्हटलं, शाप नाही म्हणून? तर नाही उतरणार?"

"लगेच शर्ट चढवीन. पण नुसतं म्हणून भागणार नाही. कारण सांगावं लागेल. तीन माणसं गेली, ती कशानं गेली? कारण मिळाल्याशिवाय लोक शाप सोडत नाहीत."

दारात गेनबा ट्रे घेऊन उभा होता. आईसाहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या राजेसाहेबांच्या तसबिरीकडे. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. मग त्या उठल्या.

"चहा निवाला," एवढंच म्हणाल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

जिना उतरताना सर मला म्हणाले, "बिचारी. शाप गेला तर ह्या बाईला उरतं काय, घोलप?"

घाटाच्या पायऱ्यांवर येऊन सरांनी कर्ण्यावरून भाषण केलं. नेहमीपेक्षा आखूड केलं, कारण शेंगा संपत आल्या होत्या आणि लोक चुळबुळत होते. मग त्यांनी शर्ट काढला, चष्मा काढला, दोन्ही माझ्याकडे दिले. चष्म्याशिवाय सर एकदम लहान दिसायला लागले. छातीवरचे केस पांढरे झालेले होते. पलीकडच्या काठावर कुणीतरी शिटी मारली. कुणी ओरडलं, "सर, मजुरणीला आमचा पन नमस्कार सांगा!" हशा पिकला. मालनबाई हसली नाही.

सर एक पायरी उतरले. दुसरी उतरले. पाणी घोट्याला लागलं.

"गार आहे," ते मला म्हणाले. "पण मस्त आहे."

"थांबा."

आवाज मोठा नव्हता. पण पलीकडचा हशा मध्येच तुटला, म्हणून मी मागं वळलो. महालाचं पाण्याकडचं दार उघडं होतं आणि दारात आईसाहेब उभ्या होत्या. अनवाणी. पाठीमागं गेनबा दोन्ही हात पसरून, अडवू की नको अशा अवस्थेत.

पलीकडच्या म्हाताऱ्यांनी आपोआप हात जोडले, काही बायका वाकल्या. आईसाहेबांनी तिकडे पाहिलं नाही. त्या पायऱ्या उतरू लागल्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्यांनी भिंतीला हात लावला. मग तोही सोडला.

"वर या, प्रोफेसर."

"आईसाहेब, मी आपल्याला सांगितलंय—"

"कारण सांगायला आलेय. वर या."

सर वर आले. कर्णा माझ्या हातात होता. मी तो पुढं केला. त्यांनी नको म्हणून हात हलवला. पण इतकी शांतता पसरली होती की कर्ण्याची गरजही नव्हती.

"शाप नाही," त्या म्हणाल्या. "मजुरीण कुणी नव्हती. ती मी रचली. हे पाणी तुझ्या दारात उभं राहील, हे वाक्य माझं आहे. जयंतराजे गेल्यावर तेराव्याला आलेल्या बायकांना मी ते पहिल्यांदा सांगितलं. सासूबाईंकडून ऐकलं म्हणून सांगितलं."

गेनबा खाली बसला.

"हे पाणी उभं नाही. ती भिंत दिसते ना, तिथं कालवा संपत नाही. भिंतीखालून जातो. पुढं ओढा आहे. ओढ्याच्या खालून मोठा नळ घातलाय, पाणी त्यातून जातं आणि ओढ्यापलीकडे पुन्हा वर येतं. सगळ्या कालव्याचं पाणी तिथं खाली खेचलं जातं. वरून दिसत नाही. सासऱ्यांना पाणी तळ्यासारखं दिसायला हवं होतं, म्हणून त्यांनी भिंत बांधली, वेल चढवला."

माझ्या शेजारी सर पुटपुटले, "सायफन." वीस वर्षं ते फळ्यावर सायफन काढत आले होते. मघाशी त्याच भिंतीकडे बघत त्यांनी काठाशी काडी टाकली होती, आणि पुढं पाणी कुठं जातं हे विचारायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं. आम्ही शापाचा तपास करायला आलो होतो.

"नळाच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती," आईसाहेब म्हणाल्या. "कालव्याबरोबरच बसवलेली. पालापाचोळा अडायचा, वाहून आलेलं जनावर अडायचं. एक माणूस रोज दाताळ्यानं ती साफ करायचा. मी लग्न होऊन आले आणि त्या वर्षी गणपतीत मला दिवस गेलेले होते. वरच्या गावांचं विसर्जन कालव्यात होतं. अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकी उघडली. सगळे गणपती येऊन जाळीला लागले होते. कुणाला हात नाही, कुणाला सोंड नाही, कुणाचं नुसतं पोट. पाणी ढकलत होतं आणि ते एकमेकांवर आपटत होते."

त्या थांबल्या. दम खायला नव्हे. पुढचं वाक्य अजून तयार झालं नसावं.

"पोटुशीनं भंगलेली मूर्ती बघू नये म्हणतात. मी घाबरले. मी राजेसाहेबांना म्हणाले, माझ्या बाळासाठी एवढं करा, हे मला दिसायला नको. त्यांनी दुसऱ्या दिवशी जाळी काढून टाकली. त्यानंतर मला काही दिसलं नाही. जे येईल ते खालून निघून जायचं. देव, फुलं, सगळं. इतकं स्वच्छ पाणी. सगळे म्हणायचे, किती स्वच्छ पाणी आहे तुमच्या दारात."

"ज्याच्यासाठी जाळी काढली," आईसाहेब पुढं म्हणाल्या, "तो सतरा वर्षांनी त्या पाण्यात उतरला. विहिरीत माणूस जिथं बुडी मारतो तिथंच वर येतो. इथं येत नाही. रातोरात वरून पाणी बंद करवलं, नळ उपसला, तेव्हा सापडला. गावाला घाटाशी सापडला म्हणून सांगितलं."

पलीकडे कुणाचंतरी तान्हं रडायला लागलं. त्याच्या आईनं त्याला घाईघाईनं पदराखाली घेतलं.

"मी म्हटलं, जाळी परत बसवा. राजेसाहेब म्हणाले, बसवली तर लोक विचारतील आधी काढली कुणी. त्यांचंही खरं होतं. त्यांना ते सोसलं नसतं. म्हणून मी शाप ठेवला. म्हटलं, भीतीनं तरी कुणी उतरणार नाही. गावचं सहसा कुणी उतरलंही नाही. पण जे शाप मानत नाहीत ते यायचे, आणि हसत उतरायचे." त्यांनी सरांकडे पाहिलं. "राजेसाहेब गेल्यावर मी बोलू शकले असते. पण तोवर हॉटेलवाले गेले होते. मग मास्तर गेले. एकेका माणसागणिक बोलणं जड होत गेलं."

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. तरीही ते प्राध्यापक होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पण वरून तर काहीच..."

आईसाहेबांनी माझ्यापुढं हात केला. मला आधी कळेना. मग मी शबनममधून टॉवेल काढून दिला. त्यांनी त्याला मधोमध गाठ मारली, पायरीवर बसून पाण्यात चांगला बुचकळला आणि सोडून दिला.

टॉवेल काठाशी थोडा रेंगाळला. मग फिरायला निघाल्यासारखा, काही घाई नसल्यासारखा, मधल्या पाण्याकडे गेला. महालाच्या उलट्या खिडक्यांवरून एकेक करत पुढं सरकला. आम्ही सगळे पाहत होतो. भिंतीपासून हातभर अंतरावर तो थांबला, स्वतःभोवती अर्धा फिरला, आणि खालून कुणी हातानं धरून ओढून घ्यावा तसा सरळ खाली गेला. पाण्यावर वलय उठलं नाही. बुडबुडा आला नाही. खिडक्या पुन्हा जशाच्या तशा दिसू लागल्या.

आगटे सर पायरीवर बसले. चष्मा मागायलाही विसरले.

पलीकडून मालनबाई निघाली. पूल लांब होता, तिला वळसा घालून यायला वेळ लागला आणि तोवर कुणी हललं नाही. ती घाटावर आली. आईसाहेबांच्या समोर उभी राहिली. एरवी त्या गावात कुणी आईसाहेबांच्या इतकं जवळ उभं राहत नसे.

"म्हणजे नुसती जाळी?" ती म्हणाली.

"हो."

"नुसती जाळी?"

आईसाहेबांनी मान हलवली. त्यांच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता आणि तो सावरायला त्यांचा हात वर गेला नाही. मालनबाईनं आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही सगळे त्याचीच वाट पाहत होतो. ती वळली आणि आली त्याच वाटेनं परत गेली.

झेंडूचा हार तसाच राहिला.

टॉवेल गेनबाला ओढ्यापलीकडे, नळाच्या दुसऱ्या तोंडाशी सापडला. पाणी तिथं फेसाळत, गुरगुरत वर येत होतं. हे पाणी आणि महालासमोरचं पाणी एकच, हे पटायला अवघड होतं. टॉवेल उभा फाटलेला होता. घरी गेल्यावर सुमनवहिनींनी विचारलं, "हे काय केलंत ह्याचं?" सरांनी त्यांना सगळं सांगितलं. मग तो टॉवेल वहिनींनी धुऊन, घडी करून कपाटात ठेवला. लुगड्यांच्या खणात.

शाप गेला. जाळी यायला मात्र वेळ लागला. पाटबंधारे खात्याचे साहेब येऊन पाहणी करून गेले, मग त्या पाहणीची पाहणी करायला दुसरे साहेब आले. मूळ जाळी अजून जागेवरच आहे असं त्यांच्या नकाशात होतं, त्यामुळे नवी बसवण्याची गरज त्यांना दिसेना. सर त्यांच्या कचेरीत इतक्यांदा जाऊन बसले की तिथला शिपाई त्यांना न विचारता चहा देऊ लागला. मधल्या काळात भिंतीवरचा बोगनवेल आईसाहेबांनी तोडून घेतला आणि घाटावर काटेरी तार ओढली. कुणी आलंच तर त्या स्वतः खिडकीतून ओरडत. बंद खिडक्या आता सताड उघड्या असत.

जाळी बसली त्या वर्षी गणपतींचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं तेच झालं. वरच्या गावांचे सगळे देव येऊन जाळीला लागले. गावातली चार वजनदार मंडळी महालावर आली. देवाची विटंबना होते, जाळी काढा, म्हणाली. आईसाहेबांनी त्यांचं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "जाळी राहील. देवांना आपण वर घेऊ."

आगटे सरांनी आयुष्यात घरात गणपती बसू दिला नव्हता. वहिनींनी एकदा हट्टानं बसवलाच, तेव्हा तो कपाटावर बसवला, सरांच्या नजरेच्या वर. पण जाळी बसली त्या वर्षापासून आजपर्यंत, एक-दोन आजारपणं सोडली तर, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर सोनवड्याला असतात. लांब बांबूला आकडा लावून ते जाळीवरचे गणपती एकेक करून वर काढतात. मी हात देतो. गेनबा होता तोवर तोही देत असे. सर ह्याला जलप्रदूषण निर्मूलन म्हणतात. पण मूर्ती हातात घेताना ते चपला काढतात. कंबरेत वाकायला पायाची पकड लागते, असं त्याचं कारण ते देतात.

पहिली काही वर्षं मालनबाई आली नाही. मग एका वर्षी आली. पलीकडच्या काठावर उभी राहून पाहत होती. पुढच्या वर्षी अलीकडच्या काठावर. त्यानंतरच्या वर्षी ती घाटावर येऊन पायरीवर बसली. आईसाहेब, आता ऐंशीच्या घरातल्या, वरच्या पायरीवर बसायच्या. दोघींमध्ये वहिनींचा फाटका टॉवेल पसरलेला असे. दरवर्षी वहिनी तो न विसरता पाठवत. त्यावर आम्ही काढलेले तुकडे ठेवत असू, हात, कान, मुकुट, उंदीर. गावाबाहेरच्या शेतात ते नीट पुरायचे असत. तत्पूर्वी मालनबाई ते जुळवत असे. चित्रकलेच्या मास्तरांच्या घरात राहिलेली. कुठला हात कुठल्या खांद्याचा हे तिला बघताक्षणी कळे. आईसाहेब तिच्याकडे एकेक तुकडा सरकवत. इतकी वर्षं झाली होती, पण दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

एका वर्षी सकाळी एक गणपती जवळजवळ सगळा जुळला. भाजल्या मातीचा, वीतभर उंचीचा, कुण्या पोरानं घरी केलेला असावा, कान एक मोठा, एक लहान. मालनबाईनं तो टॉवेलावर उभा केला, फिरवून पाहिला. मग पाण्याकडे बघत म्हणाली,

"ह्याची सोंड न्हाई."

कुणाला म्हणाली ते कळलं नाही. सरांनी बांबू थांबवला. मी पायरीवरचा गाळ चाचपला.

"सापडेल," आईसाहेब म्हणाल्या. "आता जाळी आहे."

मालनबाईनं मान हलवली आणि ती थोडी सरकून बसली, आईसाहेबांच्या बाजूला. सरांनी बांबू पुन्हा पाण्यात घातला.